घरात अंडी आहेत

काका रंगारी होते. लोकांच्या भिंती रंगवायचे, दारं-खिडक्या रंगवायचे, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याने रंगवलेल्या भिंती कशा चुकल्यात ते सांगायचे. न विचारता. कोणाकडे चहाला गेले तर कप हातात घ्यायच्या आधी भिंतीवर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "पुट्टी घासली नाही नीट." मग दुसऱ्यांदा त्या घरी चहा मिळायचा नाही. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

बरोबरचे रंगारी त्यांना शेडकार्ड म्हणायचे, कारण रंगांच्या छटांचं ते लांबट कार्ड काकांच्या खिशात कायम असायचं. जोडीला लंबू होता. लंबू इतका उंच की शिडी न लावता छताला ब्रश पोचायचा. काका शिडीवर, लंबू जमिनीवर, आणि दोघांची डोकी एका पातळीवर. असं दोघांनी अर्धं शहर रंगवलं. स्वतःचं घर सोडून. काकांच्या बाहेरच्या खोलीचा मूळ रंग कोणता हे खुद्द काकांनाही सांगता यायचं नाही.

तर काकांना दम लागायला लागला. काकूने धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हे दिसतंय ना?"

काका पुढे वाकून बघत म्हणाले, "सफेद ठीक आहे. पण एकसारखा बसला नाही. कोणी मारलाय?"

"ते तुमचं फुप्फुस आहे," डॉक्टर म्हणाला. "रंग, थिनर, भिंती घासल्याची धूळ, सगळं आत जाऊन बसलंय. ब्रश सोडा. नाहीतर श्वास सुटेल."

काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. दुसऱ्या दिवशी लंबूने खालून शीळ घातली आणि काका "जरा चक्कर मारून येतो" म्हणून गेले ते संध्याकाळी आले.

काकू इस्त्रीच्या दुकानात काम करायची. दुसऱ्या टेबलावरचा कपडा करपायच्या आधी तिला वास लागायचा. तिच्यापासून काका थिनर लपवणार होते.

"कुठे होतात?"

"बागेत."

"हल्ली बागेतल्या फुलांना थिनरचा वास येतो वाटतं."

असं बरेच दिवस चाललं. काका बागेत जायचे आणि ठिपके घेऊन यायचे. शेवटी एक दिवस काकू ओरडली नाही, भांडली नाही, नुसती समोर बसली. म्हणाली, "हे बघा, मला तुम्ही हवे आहात. ब्रश सोडून दुसरं काहीही करा. पण माझ्या स्वयंपाकघरात नको."

ती असं सरळ बोलली म्हणजे काका घाबरायचे. म्हणून ते बाहेर पडले आणि पाखरांच्या दुकानात शिरले.

तिथे पिंजऱ्यांत चिमणीएवढे पोपट होते, ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात आणि जे लव्हबर्ड नसतात. पिंजरेवाला म्हणाला, "नवीन आहात, एकच जोडी घ्या. ओळखायची खूण सोपी आहे. चोचीच्या वर, नाकाशी पट्टी असते. नराची निळी, मादीची तपकिरी."

काका लहान मुलाला हसावं तसे हसले. "निळी म्हणजे कोणती निळी?"

"निळी म्हणजे निळी."

"असं नसतं रे बाबा," म्हणून काकांनी खिशातून कार्ड काढलं आणि एकेका पाखराच्या नाकाशी लावायला लागले. पाखरं पिंजऱ्यात सैरावैरा. पिंजरेवाला म्हणाला, ही पिल्लं आहेत, रंग अजून पक्का नाही, मी निवडून देतो. काका म्हणाले, "रंग मला शिकवू नकोस."

त्याने हात टेकले. गिऱ्हाईक रंगात असलं की दुकानदार करणार काय.

काका एक पिवळं आणि एक निळं-हिरवं पाखरू घेऊन आले. नावं ठेवली लिंबू आणि मोरपंखी. लिंबू नवरी, मोरपंखी नवरा. कार्डाप्रमाणे.

आता पाखरं पाळायची अक्कल काकांना भिंतीला असेल तेवढीच. वाटी भरून राळ्याचे बारीक दाणे घातले. दोन दिवस वाटी भरलेलीच दिसली. काका म्हणाले, "खातच नाहीत. घराची आठवण येत असेल." काकूने वाटीवर फुंकर मारली. वर होती ती नुसती टरफलं, ती उडाली आणि खाली वाटी रिकामी. पाखरं दाणा सोलून खातात आणि साल तिथेच टाकतात. दोन जीव उपाशी, आणि काकांच्या लेखी वाटी भरलेली.

"दुकानातून येताना पाळायची माहिती घेऊन यायचं असतं," काकू म्हणाली. "नुसता रंग घेऊन नाही."

तेव्हापासून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारायचं काम काकांचं. त्यांची फुंकर टरफलांच्या वरच्या थरापर्यंत जायची, मग ते खोकायचे. काकू दुकानाला जायच्या घाईत येऊन उरलेली मारून जायची.

काही महिन्यांनी पाखरं मोठी झाली आणि काकांनी अंड्यांसाठी लाकडी खोकं टांगलं, पुढे गोल भोक, वर उघडायचं झाकण. लिंबू आत शिरली. मागोमाग मोरपंखी शिरला. आतून अशी भांडणं ऐकू यायला लागली की शेजारी दारात येऊन उभे.

काकू म्हणाली, "मला तर या जावा वाटतात."

"गप्प बस. तो नर आहे."

"नर असता तर भांडणात एवढा टिकला नसता."

थोड्याच दिवसांत खोक्यात अंडी झाली. एवढी झाली की ठेवायला जागा नाही. काकांनी सगळ्या गल्लीत सांगितलं. लंबूला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, इस्त्रीच्या दुकानात येऊन काकूच्या मालकिणीला सांगितलं. लोक पिल्लं बघायला यायला लागले. पिल्लं मात्र यायचं नाव घेईनात. शेवटी काका पिंजरेवाल्याकडे गेले.

त्याने एकच विचारलं. "नाकाच्या पट्ट्या आता कशा दिसतात?"

काका घरी येऊन बघतात तर दोन्ही तपकिरी. एकाच डब्यातून मारल्यासारख्या.

सगळं शहर ज्याला रंग विचारायचं त्याने दोन माद्यांचा संसार थाटून दिला होता, आणि गल्लीला बारीकसारीक बातमी देत होता. काकू हसली नाही. तिला हसायची गरजच पडली नाही, लंबू होता ना. तो पुढचे कित्येक दिवस खालून शीळ घालायच्या ऐवजी ओरडायचा, "शेडकार्ड, नवरा सापडला का रे?"

मोरपंखी परत गेली आणि तिच्या जागी आकाशी आला. तो पिंजरेवाल्याने निवडला. काकांनी कार्ड काढलं नाही. फक्त जाताना म्हणाले, "हा निळा जरा भडक आहे."

आकाशी खरा नवरा निघाला. दिवसभर लिंबूच्या मागे मान हलवत गाणी म्हणायचा, स्वतः खाल्लेला दाणा तिला भरवायचा. काकूने एकदा बघितलं आणि काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मी पण आणतो की तुला काहीबाही."

"आणता ना. थिनरचा वास."

कारण बागेत जाणं काही बंद झालं नव्हतं. पाखरं आली तशी ब्रशही चालू होता. उलट आता लंबूबरोबर बोलायला नवा विषय मिळाला होता. काकूने पाखरांवर जी भिस्त ठेवली होती ती पाण्यात गेली असं तिला वाटायला लागलं.

त्यात काकांच्या डोक्यात आलं की आता खरी पिल्लं होणार, तर डोळे उघडल्यावर ती बघणार काय? ही असली भिंत? इतकी वर्षं काकू त्या भिंतीसाठी मागे लागली होती तेव्हा वेळ नव्हता. पाखरांसाठी मिळाला. काकू कामावर गेल्यावर काकांनी पिस्ता रंगाचा डबा फोडला. आणि पिंजरेवाल्याने सांगितलं होतं की पाखरांना वाऱ्याचा झोत लागू देऊ नका, म्हणून खिडक्या, दार, सगळं घट्ट बंद करून घेतलं. पाखरांची काळजी म्हणजे काळजी.

दुपारी काकूने दार उघडलं तर वासाचा लोटच अंगावर आला. भिंत अर्धी पिस्ता झालेली. खुर्चीत काका तोंड उघडं टाकून बसलेले, खांदे वरखाली. आणि पिंजऱ्याच्या तळाला आकाशी, पिसं फुगवून, चोच उघडी टाकून बसलेला, शेपूट वरखाली.

काकू एका नजरेत दोघांकडे बघत म्हणाली, "वा. जोडी छान जमली." मग धावत जाऊन खिडक्या उघडल्या.

काकांना स्वतःसाठी डॉक्टरकडे जायचं सुचलं नाही. आकाशीला पुठ्ठ्याच्या डब्यात घालून, जिन्यात दोनदा थांबून, ते पिंजरेवाल्याकडे पोचले. काकू मागोमाग.

"घरात रंग चालू आहे का?" त्याने डबा उघडायच्या आधी विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"तुमच्या शर्टाचा वास इथवर येतोय. अहो, पाखराचं फुप्फुस केवढंसं! हा वास आत गेला की संपलं. औषध नाही याला. मोकळ्या हवेत ठेवा, ऊब द्या आणि रंग बंद करा. रंगाचे कपडेसुद्धा पिंजऱ्याजवळ नकोत. ब्रश की पाखरू, एक काय ते ठरवा."

काका घरी आले, अंघोळ केली, कामाचे सगळे कपडे गाठोडं करून बाहेर टाकले. थिनरचा डबा खाली कचऱ्यात गेला. ब्रश तसाच रंगासकट खिडकीबाहेर ठेवला. तो वाळून दगड झाला. रंगारी माणूस उपाशी झोपेल, पण ब्रश न धुता झोपणार नाही. काकूला तेव्हा कळलं की या वेळी ब्रश सोडला तो खराच.

पण बोलल्याशिवाय राहील ती काकू कसली. "डॉक्टरने शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं."

"तो माझ्याबद्दल बोलत होता."

"आणि मी?"

"तू पण माझ्याबद्दलच बोलत होतीस."

काकू म्हणाली, "चुकलंच माझं. मी अंडी घालायला हवी होती. मग ऐकलं असतंत."

आकाशी वाचला. काही दिवसांनी पुन्हा गाणी म्हणायला लागला, आणि मग लिंबू खोक्यात जाऊन बसली. खालून लंबूने हाक मारली, मोठं काम आलंय, अख्ख्या इमारतीचा जिना, तुझ्याशिवाय रंग जुळवणार कोण.

काका खिडकीत आले. "जमणार नाही. घरात अंडी आहेत."

"तू घातलीस का?"

"हो, मीच. जा आता."

लंबू गेला. त्याने ही गोष्ट सगळ्या रंगाऱ्यांना सांगितली आणि काका पुन्हा कधी कामावर गेले नाहीत. बागेत मात्र जायला लागले, खऱ्या. येताना पाखरांसाठी हिरवा पाला आणायचे आणि काकू हुंगून बघायची. नुसता पाल्याचा वास.

एक दिवस सकाळी काकांनी खोक्याला कान लावला तर आत कोणीतरी बारीक चिरचिरत होतं. त्यांनी इस्त्रीच्या दुकानात निरोप धाडला. काकू इस्त्री उभी ठेवून, लोकांची पँट अर्धी टाकून धावत आली. काकांनी झाकण उचललं. आत एक गुलाबी, उघडंनागडं, डोळे मिटलेलं, मानेला धड जोर नसलेलं काहीतरी वळवळत होतं.

"यासाठी एवढं केलं?" काकू म्हणाली.

"रंग यायचाय अजून," काका म्हणाले. आणि झाकण अलगद लावून घेतलं.

त्यानंतर पिल्लं होत राहिली. काका शहाणे झाले, नवीन माणसांना नर-मादी कशी ओळखायची ते सांगायला लागले, तेही न विचारता. पण छातीच्या फोटोत जो सफेद बसला होता तो निघाला नाही. डॉक्टर म्हणाला, "सोडलंत ते चांगलं केलंत, पण उशिरा सोडलंत." डॉक्टर लोकांना असं गोड बोलायला वेगळं शिकवत असतील. सकाळची फुंकर कमी कमी होत गेली. मग काका नुसती वाटी पुढे धरायचे आणि काकू फुंकायची. अशाच एका दुपारी पिंजऱ्याजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. पाखरं कलकलत होती. त्यांना काय कळणार.

काही दिवस मधे गेले आणि लंबू दारात आला, हातात बादली, ब्रश, पिस्ता रंगाचा डबा. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, भिंत पुरी करून देतो. शेडकार्डच्या घरची भिंत अर्धी, बरं दिसत नाही. त्याने सोडली तिथूनच धरतो. जोड दिसणार नाही."

काकू म्हणाली, "नको. घरात अंडी आहेत."

पण खोक्याचं झाकण उघडं होतं. तिनेच सकाळी खोकं आतून पुसून वाळायला ठेवलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याला स्टूल लागलं असतं. लंबूने नुसती मान वळवली आणि वरून आत बघितलं. कोरडं लाकूड, एक पिवळं पीस. बस.

त्याने भिंतीकडे बघितलं. खाली जुना रंग, वर पिस्ता, आणि मधे जिथे काकांचा हात थांबला तिथली ती वाकडी कड. आयुष्यात काकांनी सोडलेली एकमेव वाकडी कड.

"हो की," लंबू म्हणाला. "भरपूर आहेत. एवढ्यात काही रंग लावता येणार नाही."

"मग बादली कशाला आत आणलीत?" काकू म्हणाली. "वास जातो त्यांना."

लंबू बादली घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला. काकूने झाकण लावलं, पिंजऱ्यातली वाटी काढली आणि एका दमात सगळी टरफलं उडवून दिली.