उजवा खांदा

मालिशवाल्या काकूंच्या हाताला गुण आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. कोमट औषधी तेल, अंगठ्यांचा सावकाश दाब, आणि आखडलेला माणूस बघता बघता घोरायला लागायचा. बाळंतिणी, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान धरलेल्या पोरी, झोप उडालेले म्हातारे, सगळे त्यांची वाट बघायचे. काकूंनी मनात धरलेल्या डुखावर मात्र कुठलंच तेल चाललं नव्हतं.

नवरा गेला त्याच वर्षी सासूबाईंची अंगठी हरवली. "वहिनीनेच घेतली," असं नणंदेने सरळ सांगून टाकलं. सासूबाईंनी काकूंची पेटी उलटी केली. काही मिळालं नाही, तरी कडेवरच्या मुलीसकट त्यांना घराबाहेर काढलं. नात्यागोत्यात 'चोरटी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पोटासाठी काकू मालिश शिकल्या, लेकीला वाढवलं. लेकीच्या लग्नाला सासरचं चिटपाखरू फिरकलं नाही.

आणि आता नणंदेचा फोन. उजवा खांदा असा धरला होता की केस विंचरता येईनात. डॉक्टरांनी व्यायामाच्या जोडीला मालिश करून बघा म्हटलं होतं.

"वहिनी, झालं गेलं विसर गं. येशील?"

"येते की."

"आई, कशाला जातेस तिथे?" लेक वैतागली.

"उट्टं काढायला," काकू म्हणाल्या.

सासरच्या त्याच जुन्या स्वयंपाकघरात काकूंनी गरम पाण्यात तेलाची वाटी ठेवली. जरा जास्तच तापवलं तर? क्षणभर मनात आलं. पण भाजलेलं चार दिवसांत बरं होतं, आणि काकूंना बरं न होणारं काहीतरी हवं होतं. मनगटावर थेंब टाकून त्यांनी तेल नीट कोमट करून घेतलं.

मान, पाठ, डावा हात. नणंद लोण्यासारखी विरघळली. आठवड्याभरात तिला गाढ झोप लागायला लागली, चेहऱ्यावर तुकतुकी आली. उजव्या खांद्यावर मात्र काकू नुसतं वरवर तेल फिरवायच्या. एके सकाळी त्यांनी तिथे मन लावून हात चालवला. कित्येक महिन्यांनी नणंदेची बोटं कानापर्यंत पोहोचली. तेवढ्यात काकू थांबल्या.

"थांबलीस का गं?"

"ताई, अंगठी कुठे गेली?"

नणंदेचा चेहरा खर्रकन उतरला.

"मीच घातली होती, आईला न विचारता. नळाखाली बोटातून निसटली. आई मला फाडून खाईल, म्हणून…"

"म्हणून मला पुढे केलंत. हे आता आईंना सांगा. तोवर खांदा आहे तसाच राहील."

"ही काय माणुसकी झाली?"

"नाही," काकू म्हणाल्या आणि हात पुसून निघाल्या.

चार दिवस फोन आला नाही. काकू पोटभर जेवल्या. पाचव्या दिवशी आला.

आतल्या खोलीत, खुर्चीतल्या म्हाताऱ्या सासूबाईंपुढे नणंदेने रडत रडत सगळं सांगितलं. काकू दाराला टेकून एकेक शब्द ऐकत होत्या. लवकर संपू नये असं त्यांना वाटत होतं.

"माझ्या डोळ्यांसमोरून चालती हो," सासूबाई लेकीला म्हणाल्या.

काकूंनी शब्द पाळला. रोज जाऊन त्यांनी खांदा मोकळा केला. शेवटच्या दिवशी नणंदेने दोन्ही हात डोक्यावर नेले. काकू तेलाची बाटली आवरत होत्या, तेव्हा आतून हाक आली.

"सूनबाई, माझेही गुडघे धरलेत गं. तुझ्या हाताला गुण आहे म्हणतात."

सूनबाई! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकूंच्या तळव्यांना अजून तेलाची ऊब होती.

"दुसरी कोणीतरी बघा, आई."

साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन त्या जिना उतरल्या. खाली पोहोचेपर्यंत आपल्याला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. नाही वाटलं.