लॅबवाल्या बाईंनी पुसलेला कॉम्प्युटर

लॅबवाल्या बाई कोणालाही ‘या’ म्हणत नसत. दारात उभ्या माणसाला त्या आधी म्हणत, “चपला.” मग, “काय काम?” आणि काम सांगून झालं की, “आत्ता नाय.” घोटीच्या आमच्या शाळेत त्या प्रयोगशाळा सहायक होत्या आणि कॉम्प्युटरची खोली त्यांच्या ताब्यात होती. मी विज्ञान शिकवायचो, नाशिकहून रोज एसटीने येऊन. सात वर्षं आम्ही शेजारशेजारच्या खोल्यांत काढली आणि त्या सात वर्षांत मला त्या एकदाही आवडल्या नाहीत. आज त्यांच्यावर लिहायला बसलो म्हणून त्यात काही फरक पडलेला नाही.

“हात लावू नका” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज माउस उचलून पाहिला, तर बाई म्हणाल्या, “खाली ठेवा. खेळणं नाय ते.” साहेबांनी मुकाट्याने ठेवला. मुलांना ही गोष्ट फार आवडायची. मला नाही आवडली, कारण नंतर साहेबांची बोलणी आम्ही खाल्ली.

खोलीत आठ कॉम्प्युटर होते, सगळे देणगीत आलेले. जुन्या मशीनवर कोणीतरी नवी, जड सिस्टीम चढवून ठेवलेली. तास पस्तीस मिनिटांचा आणि मशीन सुरू व्हायला वीस मिनिटं. सगळे भंगारात काढावेत असा अर्ज मी लिहिला, शिक्षकांच्या सह्याही गोळा केल्या. बाईंनी तो स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचला. “मशीन मेलेलं नाय, सर. त्याच्या डोक्यावर बोजा लय टाकलाय. तुम्हाला नवीन पाहिजे, तर सरळ तसं म्हणा.” खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मग त्या एकट्याच भिडल्या. मधल्या सुट्टीत मांडीवर डबा, समोर फोनवर व्हिडिओ, शेजारी शंभर पानी वही. इंग्रजी फारसं येत नव्हतं. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर त्या चित्र काढावं तसं वहीत उतरवायच्या आणि इंग्रजीच्या मॅडमना अर्थ विचारायच्या. पेन ड्राइव्हवरून लिनक्स नावाची हलकी, फुकट सिस्टीम बसवताना पहिलं मशीन त्यांनी तीनदा बिघडवलं. मी मनातून खूश होतो. चौथ्या खेपेला ते दोन मिनिटांत सुरू झालं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आठही चालू लागले.

शेवटी राहिला स्टाफरूममधला कॉम्प्युटर. त्यात मी केलेली रेकॉर्डिंग होती. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका भाताच्या जुन्या जातींबद्दल बोलत होत्या. त्यांत माझी आत्याही होती. ती आदल्याच वर्षी गेली होती.

“सर, यातलं सगळं पुसलं जाणार हाय,” बाई म्हणाल्या. “तुमचं काढून घेतलं का?”

“घेतलं.”

“उघडून बघितलं का?”

“बाई, मला शिकवू नका. तुमचं काम करा.”

मी काहीच काढून घेतलं नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून लगेच उठायचं, हेच मला नको होतं. तास झाला की काढू, तोवर त्या कुठे सुरू करतात, असं धरून मी वर्गावर गेलो. परत आलो तेव्हा समोर नवी कोरी सिस्टीम होती.

मी ओरडलो. “यांना मी स्पष्ट सांगितलं होतं, थांबा म्हणून!” सगळे शिक्षक होते, मुख्याध्यापकही धावत आले.

“सर हो म्हणाले व्हते,” बाई म्हणाल्या.

“लेखी आहे का?” मुख्याध्यापकांनी विचारलं. नव्हतं.

बाईंकडून कॉम्प्युटरची खोली काढून घेतली आणि त्यांना रसायनशास्त्राच्या परीक्षानळ्या धुवायला बसवलं. खोली माझ्याकडे आली. पुढे चार वर्षं मी त्यांनीच बसवलेल्या सिस्टीमवर शिकवलं. एकदा प्रिंटर जोडता येईना, म्हणून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी नळाखालचा हातसुद्धा थांबवला नाही. “तुमची खोली. तुम्ही बघा.”

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी शाल, नारळ, भाषणं झाली. माझ्या भाषणात मी त्यांना ‘कर्तव्यदक्ष’ म्हणालो. त्या खाली बघत होत्या. सगळे जेवायला उठल्यावर मी त्यांना जिन्याजवळ गाठलं.

“बाई, त्या दिवशी मी खोटं बोललो.”

“माहीत हाय. मला कशाला सांगता? तेव्हा सगळे व्हते. त्यांना सांगा.” नारळाची पिशवी उचलून त्या जेवणाला न थांबताच गेल्या.

मी पंगतीत उभा राहिलो आणि सांगितलं. मग मुख्याध्यापक म्हणाले, “अहो सर, किती जुनी गोष्ट! बसा, जिलबी घ्या.” कोणीतरी वाढलीही. इंग्रजीच्या मॅडम तेवढ्या भरल्या ताटावरून उठून गेल्या.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. “सांगितलं. सगळ्यांना.”

“काय म्हणाले?”

“काही नाही. जुनी गोष्ट म्हणाले.”

त्या म्हणाल्या, “चार वर्षं नळ्या धुतल्या मी,” आणि फोन ठेवला.