टेकडीवरचं झुडूप

जामखेडकडच्या एका गावात मी विज्ञान शिकवते. वनस्पतींचे प्रकार आले की अख्खा वर्ग शाळेमागच्या टेकडीवर नेते, कारण फळ्यावर काढलेल्या झाडावर माझा काडीचा विश्वास नाही. एकाच खोडावर उंच जातो तो वृक्ष, बुडापासूनच फांद्या फुटून बुटकं राहतं ते झुडूप. झुडपाचं माझं उदाहरण ठरलेलं होतं: खडकाच्या कडेचं गुडघ्याएवढं काटेरी गचपण. मी ते वर्षानुवर्षं दाखवत आले.

मग ग्रामसभेने टेकडीवर चराईबंदी केली आणि शेळ्या खालीच राहिल्या. आधी ते गचपण नुसतंच फुगलं. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच्या मधोमध एक फांदी सरळ वर निघाली आणि बाजूच्या फांद्या आपोआप वाळत गेल्या.

यंदा वर्ग घेऊन गेले, तर तिथे माझ्याहून उंच हिवराचं झाड उभं होतं. एक खोड, वर फिकट पिवळी फुलं, आणि खाली दोघीतिघींना पुरेल एवढी सावली. मुली तिथे जाऊन बसल्यासुद्धा. मी वाकून बुंधा निरखला: हे माझंच झुडूप. इतकी वर्षं वर शेळ्या रोज शेंडा खुडत होत्या, आणि खाली खडकात ते मुळं वृक्षाचीच वाढवत बसलं होतं!

व्याख्या मी अजूनही तीच सांगते. फक्त कशालाही झुडूप म्हणण्याआधी आजूबाजूला लेंड्या पडल्यात का, ते बघून घेते.