एस्टोनियाची दोन विमानं आणि आमचे व्याही

अख्ख्या खानदेशात एस्टोनियाच्या हवाई दलावर जीव टाकणारा एकच माणूस आहे, आणि माझ्या मुलाच्या नशिबाने तो नेमका त्याचा सासरा निघाला. सोयरीक होईपर्यंत एस्टोनिया हा देश आहे की पोटाचा आजार, हे मला सांगता आलं नसतं. आता मला झोपेतून उठवून विचारा. रशियाला लागून असलेला चिमुकला देश, स्कायट्रक नावाची दोन मालवाहू विमानं, आणि स्वतःचं लढाऊ विमान एकही नाही. मित्रदेशांची लढाऊ विमानं पाळीपाळीने येतात आणि त्यांच्या आभाळाची राखण करतात. ‘त्यांच्या’ हा शब्द माझा. व्याही ‘आपल्या’ म्हणतात. “आपल्याकडे दोनच आहेत, भाऊसाहेब, पण ठणठणीत!” हे ते अशा थाटात सांगतात, की नवख्या माणसाला गोठ्यातल्या बैलांविषयी चाललंय असं वाटावं.

धरणगावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. गल्ल्याच्या वर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, स्कायट्रकचा फोटो. दसऱ्याला दोघांनाही झेंडूचा हार. एकदा एका शेतकऱ्याने कपाशीचं बियाणं मागता मागता विचारलं, “शेटजी, हे फवारणीचं का?” दुसरा कोणी रागावला असता. व्याह्यांनी त्याला बसवून चहा पाजला आणि जोड-इंजिनापासून मागच्या दारापर्यंत सगळं विमान समजावून सांगितलं. तो बिचारा इतका भारावला, की बियाणं न घेताच निघून गेला. विहीणबाई तेव्हापासून त्या फोटोकडे सवतीकडे बघावं तशा बघतात.

जगात एवढी मोठमोठी हवाई दलं पडलेली असताना हेच का, असं मी त्यांना सुरुवातीला विचारलं होतं. ते म्हणाले, “मोठ्या देशाची विमानं म्हणजे लग्नातली पंगत. कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, पत्ता लागत नाही. दोन असली म्हणजे कशी जातीने विचारपूस करता येते.” मी म्हटलं, लढाऊ विमानच नाही ते कसलं हवाई दल? त्यावर त्यांनी मला शांतपणे निकालात काढलं. “शेजाऱ्याने राखण केली म्हणून शेत आपलं राहत नाही का?”

लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी माझ्या मुलाला पगार विचारला नाही, कुंडली मागितली नाही. पोह्यांची बशी पुढे सरकवत म्हणाले, “जळगावच्या विमानतळाची धावपट्टी किती लांब असेल?” मुलगा म्हणाला, “स्कूटी आत नेऊ देत नाहीत, नाहीतर मोजून सांगितली असती.” आतल्या खोलीतून एकदम खळखळून हसण्याचा आवाज आला. ती हसणारी आज आमची सून आहे. बाकी देण्याघेण्याच्या गोष्टी त्या हसण्यापुढे कुणाला सुचल्याच नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पहूरला एका लग्नाला निघालो होतो. गावाजवळ एक लांबलचक पडीक शेत दिसलं आणि व्याह्यांनी गाडी थांबवली. स्कायट्रकला डांबरी धावपट्टी लागत नाही, साध्या माळरानावरही ते थोडक्या जागेत उतरतं, हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी मला रणरणत्या उन्हात त्या शेताच्या टोकाला पांढरा टॉवेल धरून उभं करण्यात आलं आणि व्याही दुसऱ्या टोकाहून ढांगा मोजत माझ्याकडे येऊ लागले. ते पोचायच्या आत अर्धं गाव पोचलं. कोणी म्हणे हायवे, कोणी म्हणे कालवा. एका म्हाताऱ्याने माझा हात धरला. “साहेब, माझी विहीर धरा बरं हिशोबात.” व्याह्यांनी विहीर पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि गंभीरपणे म्हणाले, “आबा, विहीर आडवी येते. ती चुकवूनच उतरावं लागेल.” म्हातारा हबकला. “कोन उतरून राह्यलं?” खरं काय ते सांगून तिथून सुटेपर्यंत अक्षता केव्हाच पडल्या होत्या. आमच्या वाट्याला गार वरण आलं, आणि ते वाढणाऱ्यालाही व्याह्यांनी विचारलं, की या भागात वारा कुठून वाहतो.

अशा माणसाच्या मुलीला त्याच देशात नोकरी लागली. सून कॉम्प्युटरवाली. तिथल्या राजधानीतल्या, टाल्लिनच्या एका कंपनीने तिला बोलावलं आणि मुलालाही तिकडे काम मिळण्यासारखं होतं. तिने आधी वडिलांना फोन केला. आता धरणगावात पेढे वाटले जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण व्याही फोनवर एवढंच म्हणाले, “तिथे थंडी फार असते.” दुसऱ्या दिवशी ते एसटीने धुळ्याला माझ्या घरी आले.

“भाऊसाहेब, तुम्ही सासरे आहात. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तिला नाही म्हणून सांगा.”

“का हो? तुमचाच देश की तो.”

ते चिडले की शुद्ध भाषा सोडून अहिराणीत उतरतात. “दोन इमानं शेतस, भाऊसाहेब! दोन! त्यात एक दुरुस्तीला गेलं म्हणजे? आणि शेजारी कसा आहे ते रोज बातम्यांत बघता ना?”

“पण राखणीला मित्रदेश आहेत ना? तुम्हीच सांगायचे.”

“दुसऱ्याच्या भरवशावर कोणी पोर धाडतं का?” ते उसळून म्हणाले आणि मग त्यांचा आवाज एकदम बसला. “ते बोलायला ठीक होतं हो. तेव्हा आपलं तिथे कोणी नव्हतं.”

मी सुनेला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिचा आवाज मला ऐकू येत होता. “पप्पा, मला नकाशात धुळ्याच्या आधी टाल्लिन सापडायचं. तुम्हीच बोट धरून दाखवलंत. आता जाऊ नको म्हणता?” व्याह्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. शेवटी म्हणाले, “मोजे किती जोड घेतलेस?” पोरीला परवानगी मिळाली, हे आम्ही त्यावरून ओळखलं. मग भर उन्हाळ्यात त्यांनी मला धुळ्याच्या बाजारात लोकरीच्या टोप्यांसाठी हिंडवलं. दुकानदार माळ्यावरून गठ्ठे काढताना आमच्याकडे बघत होता आणि व्याही घामाने निथळत एकेक टोपी स्वतः घालून, कान झाकतात की नाही ते तपासत होते.

मुलं गेली. व्याह्यांचं विमानपुराण हळूहळू बंद पडलं. भेटले की टाल्लिनचं तापमान सांगायचे, तेही विचारलं तरच. परवा मी त्यांच्या दुकानात बसलो असताना सुनेचा फोन आला. तिथल्या हवाई तळावर लोकांना आत सोडण्याचा दिवस होता आणि ती खास वडिलांसाठी गेली होती. फोनच्या पडद्यावर खरंखुरं स्कायट्रक उभं राहिलं. राखाडी, बसकं, पोटाशी चाकं घेऊन बसलेलं. ती उत्साहाने पंख दाखवत होती, शेपूट दाखवत होती. वाऱ्याने तिचे अर्धे शब्द उडून जात होते. व्याह्यांनी चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि थोडा वेळ पाहून म्हणाले, “बरं बरं. ते राहू दे बेटा. फोन तुझ्याकडे फिरव.”

तिने फिरवला. नाक लाल झालेलं, कान टोपीत. बापलेक काहीबाही बोलले, जेवणाचं, झोपेचं. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, “काय, कसं वाटलं विमान?”

“इमान झकास शे,” ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत बियाण्याची पाकिटं भरू लागले. “पन पोर बारीक व्हई गई, भाऊसाहेब.”