कलेजीचा घास

"हा मेंढा नाही कापायचा."

"मग काय कापू, तुझं डोकं? सोयरे वाटेवर आहेत."

"अहो, तो ढिगाऱ्यावरचा खार चाटून फुगलाय. त्याच्या कलेजीत ते विष बसलंय."

"मातीनं बुजवलंय ना सगळं? धातू जड. खालीच जाणार."

"मग दर उन्हाळ्यात ते पांढरं वर कुठून येतं?" कुल्सून म्हणाली. "तुम्ही पेरून येता?"

तुर्दुबेकनं बायकोकडे पाठ केली आणि सुरी परजायला घेतली. मी शेजारीण, मदतीला आलेली. खाली मान घालून कांदे चिरत राहिले.

कुल्सून लग्न होऊन इथे आली तेव्हा युरेनियमची खाण चालू होती आणि दुकानात मॉस्कोची चॉकलेटं मिळायची. खाण बंद पडली, चॉकलेटं गेली, विषारी गाळाचा ढिगारा तेवढा राहिला. त्यावर चिकणमाती थापून साहेबलोक हात झटकून निघून गेले. पण आमच्याकडे पाऊस नावापुरता. बर्फाचं पाणी मुरतं, ऊन तेच पाणी परत वर ओढतं. त्यात विरघळलेला धातू सोबत येतो, पाणी उडून जातं आणि तो वर साचलेल्या पांढऱ्या खारात चिकटून राहतो. तपासणीवाल्यांनी हे सांगितलं, एक पाटी ठोकली, गेले. त्या पाटीला आता बकऱ्या पाठ घासतात.

ते येईपर्यंत कुल्सून तोच खार खरवडून आणायची आणि दह्याचे गोळे त्यात खारवून वाळवायची. अख्ख्या गल्लीनं ते चघळलेत, मीसुद्धा. कळलं त्या दिवशी तिनं सगळे गोळे खड्ड्यात पुरले आणि तिथेच भडाभडा ओकली. तुर्दुबेक मात्र मेंढरं तिकडेच सोडत राहिला. म्हणे, खारावर चांगलं अंग धरतात.

मेंढा शेवटी कापलाच. इसिक-कुल सरोवरापलीकडून मुलाचे आईबाप आले, गादीवर बसले. आमच्यात मुलीच्या आईनं त्यांना कलेजी आणि शेपटाची चरबी हातानं भरवायची; तो घास गिळला की सोयरीक पक्की. नाही भरवला, तर मोडली. लेक आयझार दाराआडून बघत होती. मुलगा तिनंच पसंत केलेला.

विहीणबाईंनी तोंड उघडलं. ओठ आधीच तुपकट.

"भरवा की. का आत्तापासूनच उपाशी ठेवता आम्हाला?"

सगळे हसले. कुल्सूनच्या बोटांत घास होता, चरबी मनगटापर्यंत ओघळत होती.

"अगं, हात का आखडलास?" तुर्दुबेक हसू तसंच धरून म्हणाला. "पोरीचं वाटोळं करणारेस का?"

कुल्सूननं घास ताटात टाकला, ताट उचललं आणि आयझारच्या शेजारून बाहेर निघून गेली.