चौथ्या बाजूची भिंत

“त्यांच्यातलाच एखादा बोलवा. चढून दाखवू दे. लगेच कळेल, एवढी उंची पुरते की नाही.”

तुरुंग खात्याचे अधिकारी असं म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. आमचे सर हसले. पोलीस ठाण्याचा जमादार हसला. ड्रायव्हर तर हसत हसत झोपड्यांकडे निघालासुद्धा. मी नकाशाची गुंडाळी छातीशी धरून उभी होते. हसावं की नाही ते कळेना. हसले नाही तर कुणीतरी विचारेल, तुला काय झालं? म्हणून मीही थोडे दात दाखवले.

‘त्यांच्यातलाच’ म्हणजे पारध्यांतला. समोर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेताच्या कडेला पंधरा-वीस झोपड्या होत्या. तो पारधी बेडा. माझा बेडा. त्यातल्या कडेच्या झोपडीत माझा जन्म झाला. तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं.

मी आश्रमशाळेत शिकले. मग आयटीआयला नकाशे काढायचा कोर्स केला. यवतमाळात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. आमच्यात आडनावं मराठ्यांसारखीच असतात. सरांनी पहिल्या दिवशी आडनाव ऐकलं, मान डोलावली आणि पुढे काही विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. बोलणं घासूनपुसून घेतलं. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काहून’चं ‘का’ केलं. डब्यात काय आणलं, हे कुणी बघायच्या आत जेवून घ्यायची. रोज भीती. आज कळेल, उद्या कळेल.

आणि ऑफिसात काम आलं ते हे. मुकुटबनच्या अलीकडे, ई-क्लासच्या म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर कैद्यांसाठी खुली वसाहत बांधायची. ज्यांची शिक्षा संपत आली, ज्यांची वागणूक चांगली, अशांना तिथे ठेवायचं. त्यांनी शेती करायची, बायकापोरांना आणून राहायचं, हळूहळू माणसांत यायचं. ते दिवसच कापसाच्या घसरणीचे होते. बोंडअळी, पडलेला भाव, पऱ्हाटी मोडून लोक सोयाबीनकडे वळलेले. वसाहत आली की गावात चार कामं येतील, म्हणून गावही खूश होतं. जागा कुठली हे मी नकाशावर दोनदा पाहिलं. त्या जमिनीला लागूनच आमचा बेडा.

मी सुट्टीत घरी गेले आणि बाला, माझ्या बापाला, सांगितलं. बाने बाहेर खेळणाऱ्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाला, “तू सायबाच्या गाडीत येशीन, तं आमी तुले वळखत नाई. तू बी आमाले वळखू नको. पोट्ट्याईले सांगून ठेवतो.”

आणि खरंच, मोजणीला आम्ही आलो तेव्हा माझ्या चुलतभावाची पोरं चार हात लांब उभी राहून माझ्याकडे परक्यासारखी बघत होती. एकही हाक मारायला धावलं नाही. इतकी लहान पोरं. त्यांना भीती आधी शिकवावी लागते आमच्यात, बोलणं मागून येतं.

पण एक सांगते. मला तो नकाशा आवडला होता. मनापासून. सर म्हणायचे, “ह्याला भिंत नाही. विश्वासावर उभी राहणार आहे ही वसाहत.” घरांची तोंडं एकमेकांकडे. मध्ये मोठा कडुलिंब होता, तो तसाच ठेवायचा. त्याभोवती पार. प्रत्येक खोलीला ओटा, संध्याकाळी बसायला. उताराच्या बाजूला शेती, म्हणजे पावसाचं पाणी शेतात जाईल, घरात शिरणार नाही. चारही बाजूंना साधं तारेचं कुंपण आणि त्याला लागून मेंदी. मी एकेक ओटा हाताने काढला होता. खून करून आलेल्या माणसालाही ओटा मिळू शकतो, त्याच्या पोराला पार मिळू शकतो. मला वाटायचं, असं असेल तर आपलंही कधीतरी काही होईल.

मग अधिकारी साइट बघून गेले आणि नकाशा परत आला. चौथ्या बाजूला, बेड्याच्या बाजूला, लाल पेन्सिलीची जाड रेघ. शेजारी लिहिलेलं, ‘पक्की भिंत, उंच.’

मी विचारलं, “सर, एकाच बाजूला का? पळायचंच असेल तर कैदी दुसऱ्या बाजूने नाही पळणार?”

सर हसले. “अगं, आतले पळतील म्हणून नाही ती. बाहेरून हे लोक आत येतील म्हणून. कैद्यांचं सामानसुमान असतं, बायकापोरं असतात. पारध्यांच्या शेजारी कशी ठेवायची?”

मी “हो सर” म्हणाले. खाली मान घालून ती रेघ शाईने पक्की केली. रेघ थोडी फाकली. ती पुन्हा काढली.

शिक्षा झालेल्या माणसांना मेंदीचं कुंपण. ज्यांना कुठल्या कोर्टाने कधी काही म्हटलं नाही, त्यांच्या तोंडावर भिंत. इंग्रजांनी आम्हाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. इंग्रज गेले. कायदा गेला. नजर राहिली.

भिंत किती उंच लागेल यावर वाद झाला, म्हणून ठेकेदाराने एक तुकडा नमुना म्हणून बांधला. तो बघायला त्या दिवशी सगळे जमले होते. आणि ड्रायव्हर माणूस आणायला गेला होता.

मी मनात म्हणत होते, दुसरं कुणीही येऊ दे.

बा आला.

तो पुढे पुढे येत होता आणि मी नकाशाची गुंडाळी आणखी घट्ट धरत होते. तुम्हाला वाटेल, एक भिंत चढायची, त्यात काय एवढं. सांगते काय ते.

मी लहान असताना बा एका शेतकऱ्याच्या कापसाची राखण करायचा. रानडुकरं हाकलायची, चोर येऊ द्यायचे नाहीत. एकदा त्या शेतकऱ्याच्या घरात भरून ठेवलेला कापूस चोरीला गेला. माडीवरच्या खोलीतून, मागच्या भिंतीने. पोलिसांची गाडी थेट बेड्यावर आली. बा भाकर खात होता. हातातला तुकडा हातातच राहिला. त्याला विचारलं काय, तर एवढंच, “भित्तीवर चढता येते ना रे तुले?” बा भोळेपणाने म्हणाला, “येते जी. शिंदीवर चढतो, झाडावर चढतो.” तेवढं पुरलं. ठाण्यातून परत आला तेव्हा त्याला टाचा टेकवता येत नव्हत्या. पावलांच्या कडांवर चालत आला, लहान मूल पहिल्यांदा चालतं तसा. कापूस पुढे मालकाच्या पुतण्याकडे निघाला. बाची माफी मागायला कुणी आलं नाही. राखणही गेली. कापसाला भावच नाही, तर राखणदार ठेवायचा कशाला, असं मालक म्हणाला.

आता कळलं? इथे समोर जमादार उभा होता. त्याच्या देखत बा भिंतीवर चढला असता, तर त्या भागात यापुढे जे जे चोरीला जाईल ते बाच्या नावावर. मरेपर्यंत. चहाच्या कपावर हसत हसत त्याची शिक्षा लिहिली जात होती.

बा जवळ आला. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. माझ्यासमोरही वाकला.

“रामराम मॅडम.”

माझा बाप मला मॅडम म्हणाला. डोळा न हलवता म्हणाला.

अधिकारी म्हणाले, “ह्याच्यावर चढून दाखव रे. भिऊ नकोस, चहा पाजतो तुला.”

“पाय दुखतेत सायेब. मले नाई जमत आता.”

जमादार पुढे झाला. “तुमाले नाई जमत तं कोनाले जमन? नाटकं करू नको. चढ.”

बाने एकवार माझ्याकडे बघितलं. एवढंसंच. त्या बघण्यात एकच होतं, बोलू नको. मग त्याने चपला काढल्या. भिंतीच्या पायाशी एकीला एक लावून ठेवल्या. हात वर करून दगडाची खाच शोधली.

मी फार भित्री आहे. तेव्हाही होते, आजही आहे. त्या क्षणी मला थोडी लघवी झाली. सलवार ओली झाली. हे सांगताना मला लाज वाटत नाही, कारण तिथे हसणाऱ्यांना वाटली नाही.

“हा नाई चढनार.”

कोण बोललं ते मलाच आधी कळलं नाही. सगळे माझ्याकडे वळले तेव्हा कळलं. घासूनपुसून ठेवलेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं.

“हा माहा बाप हाय. हा नाई चढनार.”

बाचा हात भिंतीवर तसाच राहिला.

सर म्हणाले, “काय बोलतेस तू? तुझं आडनाव तर...” आणि थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता आधी. किळस होती. आपण हिच्या हातचं पाणी प्यायलो, असा काहीतरी हिशेब तिथे चालला होता.

जमादार म्हणाला, “नाव सांग. पूर्न सांग.”

सांगितलं. माझं, बाचं, बेड्याचं. जातही सांगितली, त्याने विचारायच्या आत. दात वाजत होते माझे. भर उन्हात.

अधिकाऱ्यांना मात्र गंमत वाटली. “अरे वा! मग तूच चढ की. तुझी तर नोकरीच आहे. तेवढीच टेस्ट होऊन जाईल.”

“मी बी नाई चढत. आत ज्याले शिक्षा झाली, त्याले तारेचं कुंपन. आमाले कोन्या कोर्टानं शिक्षा देल्ली? थे सांगा. मंग पाहू भित्तीचं.”

सरांनी माझ्या हातातली नकाशाची गुंडाळी काढून घेतली. ओढून नाही, हळूच. जणू ती माझ्या हातात मळली असती. “उद्यापासून येऊ नकोस,” म्हणाले. गाडीची दारं लागली. धूळ उडवत सगळे वणीच्या रस्त्याला लागले. माझा डबा गाडीतच राहिला.

मला वाटलं होतं, बा मला जवळ घेईल. त्याने चपला घातल्या आणि माझ्या अंगावर ओरडला. “काहून बोल्ली वं तू? चढलो असतो मी! एक जन तं वाचली होती आमच्यातली. एक जन! तेबी हातानं घालवलं!”

आणि तिथेच खाली बसून रडला. मी बापाला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मार खाऊन आला तेव्हाही नाही. मी त्याच्या शेजारी बसले. त्याने माझ्याकडे पाठ केली. आम्ही तसेच, त्या भिंतीच्या सावलीत.

तो चुकीचं बोलला, असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा स्वतःचा रागही आला. आठ दिवस झोपडीच्या बाहेर गेले नाही. रस्त्यावर कुठल्याही गाडीचा आवाज आला की अंगाला घाम फुटायचा.

भिंत झालीच. आधी ठरली होती त्याहून उंच, वर काचा लावून. वसाहत सुरू झाली. कैदी आले. त्यांची बायकापोरं आली. पलीकडून संध्याकाळी पोरांचे खेळायचे आवाज येतात. मी काढलेल्या पारावर. आमची पोरं भिंतीला कान लावून ऐकतात.

आणि मग व्हायचं तेच झालं. वसाहतीच्या शेतातली पाण्याची मोटर चोरीला गेली. दुपारी गाडी आली. तोच जमादार, बरोबर दोन शिपाई. गाडी बघताच माणसं पऱ्हाटीत पांगली. बा पळाला नाही. त्याच्याच्याने आता पळवत नाही. तो झोपडीत बसून राहिला, हात जोडून, अजून कुणी आलं नव्हतं तरी.

मी दारात आले. दार म्हणजे तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, एक कूड. मी त्या कुडाला धरलं.

“बाप कुठं हाय तुहा? भिंत चढनारा?”

“भिंत चढला थो?” मी विचारलं. “तुमी होते न तथी. तुमच्या डोयानं पाह्यलं. त्यानं हात लावला, चढला नाई. मी चढू देल्लं नाई. सांगा, चढला?”

जमादार दाराकडे एक पाऊल पुढे आला.

“कोर्टात मी तुमचंच नाव घेईन. माह्या बापाचे साक्षीदार तुमी हा. पयले. आन् आता न्यायचं असन तं कायच्यावर नेता, थे मले वाचून दाखवा. मले वाचता येते.”

शिपायांनी एकमेकांकडे बघितलं. जमादाराचा चेहरा लाल झाला. त्याने कुडावर एक लाथ घातली. दोन तुराट्या मोडल्या. “पुन्हा येतो मी,” म्हणाला. “पाहतो तुले.”

गाडी गेली. बा बाहेर आला. मोडलेल्या तुराट्या त्याने काढून टाकल्या आणि नव्या बांधायला बसला. मी दोरी धरली.

तो पुन्हा येईल. मला माहीत आहे. रिकाम्या हाताने येणार नाही, हेही माहीत आहे. कदाचित मला नेतील. त्याची भीती आहे, रोज सकाळी उठले की आधी तीच उठते. पण मी यवतमाळला परत गेले नाही, जाणारही नाही. बेड्यावरच्या पोरांना मी आता एकच गोष्ट शिकवते. गाडी आली की पळायचं नाही. उभं राहायचं, आपलं पूर्ण नाव सांगायचं आणि विचारायचं, आमचा गुन्हा दाखवा. पोरं भितात. त्यांचे आवाज फाटतात. मी म्हणते, फाटू दे, पुन्हा म्हण.