कपबशीतली बशी

आमच्या ह्यांना अख्खं गाव बशी म्हणायचं. चिडवून नव्हे, लाडाने. रेडिओवर दर शुक्रवारी सकाळी साडेआठला 'कपबशी' लागायचं, पंधरा मिनिटं. त्यातले कप म्हणजे भावजी, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, आणि बशी म्हणजे हे. बाजारात बायका मला 'बशीबाई' अशी हाक मारायच्या तेव्हा मी वळूनसुद्धा बघायचे नाही. आता मेलं कोणी तशी हाक मारत नाही, तर कान आसुसलेत.

कप बोलायचा आणि बशी ऐकायची. भावजी गोलमटोल, आवाज खणखणीत, कुठेही गेले की चार माणसं जमवणारे. हे सडपातळ, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. ह्यांनी 'हो का', 'असं कसं', 'नको' एवढंच म्हणायचं, पण ते अशा नेमक्या जागी म्हणायचं की लोक पोट धरून हसायचे. हसून झालं की लोकांना आठवायचे मात्र भावजी. रेडिओच्या फाटकाबाहेर कॉलेजच्या मुली भावजींची सही घ्यायच्या, आणि तेवढा वेळ आपली छत्री ह्यांच्या हातात द्यायच्या. आणि हे ती धरून उभे राहायचे पण! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी बोलले की हे म्हणायचे, "अगं, कपातलं सांडलं तर धरायला कोणीतरी नको का?" म्हटलं, धरा, जन्मभर धरा.

मी दोनदा त्यांचं ध्वनिमुद्रण बघायला गेले होते. जाड दरवाजा, त्याच्या आत आणखी एक जाड दरवाजा, भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे. मध्ये एकच माइक, आणि त्याच्या दोन बाजूंना हे दोघं, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ. कागदाची सळसळ ऐकू जाऊ नये म्हणून वाचून झालेलं पान खाली गोधडीवर सोडायचे. भावजी बोलताना ह्यांच्या शर्टाचं बटण चाळवायचे. दर दोन-तीन महिन्यांनी मला त्या शर्टाचं बटण लावावं लागायचं, ते कशाने तुटतं ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांचा सगळा खेळ एकाच गोष्टीवर उभा होता. कप काहीतरी गळ्यात मारायला बघायचा. कधी विम्याचा माणूस व्हायचा, कधी डॉक्टर, कधी जुना पंखा विकणारा. बशी म्हणायची, "नको." कप पुन्हा गळ घालायचा. बशी म्हणायची, "नको हो." मग कप तिसऱ्यांदा विचारायचा, आणि बशी एक श्वास थांबून म्हणायची, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर..." आणि मग पंखाच काय, अख्खं दुकान घरी घेऊन यायची. ते वाक्य लोकांच्या तोंडी इतकं बसलं होतं की खुर्चीत आडवा झालेला माणूस दाताच्या डॉक्टरलासुद्धा म्हणायचा, "बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर काढा."

लोकांना वाटायचं, काय डोकं लढवून लिहिलंय! डोकं कसलं, ह्यांचा स्वभावच तो. लग्नाला होकार दिला तोही तिसऱ्या निरोपाला. माझे वडील तोवर दुसरं स्थळ बघायला निघाले होते. जेवताना "अजून वाढू?" म्हटलं की नको. "थोडं?" नको. "घ्या हो, उरलंय," म्हटलं की ताट मुकाट्याने पुढे. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं ह्यांना हावरटपणा वाटायचा, आणि दुसरं विचारणं नुसतं भिडेखातरचं. तिसऱ्यांदा विचारतो त्याला आपण खरंच हवे असतो, असं ह्यांचं म्हणणं. भावजींना हे पाठ होतं. प्रत्येक नव्या मालिकेला, प्रत्येक दौऱ्याला ते तीनदा विचारायचे. अठरा वर्षं एकदाही चुकले नाहीत.

मग टीव्ही आला. टेकडीजवळ नवीन इमारत झाली, आणि तिथल्या साहेबांनी भावजींना बोलावून घेतलं. दर आठवड्याला अर्धा तास. भावजी तिथून थेट रेडिओच्या कँटीनमध्ये आले आणि ह्यांना म्हणाले, "चल, आता लोकांना आपली थोबाडं दाखवू." हे म्हणाले, "नको." चार दिवसांनी भावजी घरी आले, माझ्यासमोर पुन्हा विचारलं. हे चहा ढवळत म्हणाले, "नको रे, माझं तोंड कोणाला बघायचंय?" भावजी हसले, मीही हसले. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की अजून एकदा विचारायचं राहिलंय.

पण मधल्या काळात माझं डोकं फिरलं. रेडिओवरची एक निवेदिका आमच्या शेजारच्या इमारतीत राहायची. दोरीवर कपडे वाळत घालता घालता ती मला म्हणाली, "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते हं, टीव्हीचे साहेब म्हणाले, आम्हाला कप पाहिजे, बशी कुठलीही चालेल." झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं ह्यांनी तोंडातून नेमका शब्द नेमक्या वेळी काढला, म्हणून तुमचा कप कप झाला, आणि बशी कुठलीही चालेल? दिवसभर मी भांडी आपटली. ह्यांना काही बोलले नाही. त्यांना कळलं असतं तर जीव कोमेजला असता त्यांचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला हे "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले. कुठे ते मी विचारलं नाही. सव्वाचारला भावजी आले. घामाघूम, खिशात घडी केलेलं पत्र. दारातूनच म्हणाले, "आहे का तो? उद्या सकाळी त्यांना नावं कळवायची आहेत. म्हटलं, विचारून टाकू एकदाचं."

मी दार अडवून उभी राहिले. म्हटलं, "दोनदा नको म्हणालेत ना? त्यांचं नाही म्हणजे नाही. हा विषय पुन्हा या घरात काढायचा नाही."

भावजींनी दाखवायला पत्र बाहेर काढलं होतं, ते हातातच राहिलं. मग हळूच म्हणाले, "वहिनी, हे त्याने सांगितलंय?"

मी म्हटलं, "हो."

ते पत्र त्यांनी खिशात परत घातलं, एक पायरी उतरले, थांबले, आणि मागे न बघता गेले.

साडेपाचला हे आले ते शीळ घालत. शिंप्याकडे गेले होते कोटाचं माप द्यायला! "राखाडी घेतलाय," म्हणाले. "टीव्हीवर पांढरं चालत नाही म्हणे, चकाकतं." मग चप्पल काढता काढता सहज विचारलं, "कोणी आलं होतं का गं?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? घाबरले. कोटाचं ऐकलं आणि कळलं, हे तर हो म्हणायच्या बेतात होते. वाटलं, भावजींना ह्यांचा स्वभाव माहीत आहे, सकाळी परत येतील. भावजींचं घर दोन गल्ल्या सोडून. पदर खोचून धावत गेले असते तर भाजी शिजायच्या आत परत आले असते. नाही गेले. म्हटलं, उद्या सांगू. मग वाटलं, परवा सांगू. मग पेपरात फोटो आला, भावजी आणि त्यांच्या शेजारी चांगल्या दातांचा एक तरणा माणूस. त्यानंतर सांगण्यात काय अर्थ होता? हे मी म्हणतेय, पण अर्थ होता. मलाच धीर झाला नाही.

ह्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला. म्हणाले, "तिसऱ्यांदा नाही विचारलं त्याने." एवढंच. माझ्याकडे तक्रार केली नाही, भावजींच्या घराकडे पाऊल टाकलं नाही. भावजीही आले नाहीत. कोट शिवून आला, तो कपाटात गेला.

रेडिओवरचं 'कपबशी' बंद पडलं. ह्यांना हरवलं-सापडलं वाचायला दिलं. रोज संध्याकाळी सहा वाजता, "एक छत्री, काळी, लाकडी मुठीची. एक चष्मा, उजवी काच तडकलेली." तो आवाज ऐकून कोणी हसू नये, हे जमवायला त्यांना वर्ष लागलं. मी स्वयंपाकघरात रेडिओ लावायचे आणि ऐकता ऐकता रडायचे. कांदा चिरतेय असं दाखवायला जवळ कांदाही नसायचा.

टीव्हीवरचा कार्यक्रम अकरा वर्षं चालला. सुरुवातीला हे बघायचे. त्या तरण्या माणसाचं 'नको' पडद्यावर आल्यावर अर्ध्या श्वासाने ह्यांचे ओठ हलायचे. म्हणायचे, "घाई करतोय पोरगा." एकदा भावजींचा घसा बसलेला होता, तर हे खुर्चीतून उठून पडद्याला म्हणाले, "अरे, त्याला पाणी द्या कोणीतरी!" पुढे पुढे कार्यक्रम लागला की हे बाहेर जाऊन बूट पुसत बसायचे. भावजींचं नाव घरात कोणी काढलं की चेहरा दगड व्हायचा. इतका मऊ माणूस, पण त्या एका नावाला कडू झाला. आणि ते कडू मी कालवलेलं होतं.

भावजी गेले ते बावीस वर्षांनी. सकाळच्या बातम्यांत सांगितलं. रेडिओवरून एका मुलीचा फोन आला, आठवण सांगायला याल का म्हणून. हे म्हणाले, "नको." तिने बिचारीने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. हे तिन्ही वेळा नको म्हणाले आणि फोन ठेवला. शेवटचं बघायलाही गेले नाहीत. त्या दिवशी पोटभर जेवले, मागून घेऊन जेवले. माझं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

चार दिवसांनी दुपारी कपाट आवरताना हे म्हणाले, "तो राखाडी कोट देऊन टाक कोणाला तरी. कशाला जागा अडवतोय?" मी तो हातात घेतला. पलंगावर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

हे ऐकत होते. मग म्हणाले, "किती वाजता आला होता?"

"सव्वाचारला."

"बसला होता का?"

"नाही. उभ्यानेच."

"पाणी दिलंस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"अगं, पाणी तरी द्यायचंस," हे म्हणाले. मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी तो कधी ऐकला नव्हता. "बावीस वर्षं मी त्याला शिव्या दिल्या गं. मनातल्या मनात, रोज. तो गेला त्या दिवशी मला बरं वाटलं. मी दोनदा मागून घेऊन जेवलो." चेहऱ्यावरची रेघ न हलणारा तो माणूस, कोटात तोंड खुपसून रडला. मी पाठीवर हात ठेवला तर झटकला नाही. मला मारलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चल. तिला सांगायला हवं." तिला म्हणजे भावजींच्या बायकोला. मी त्यांना ताई म्हणायचे. दोन गल्ल्या, आणि त्या चालायला आम्हाला बावीस वर्षं लागली. वाटेत मी मनाशी वाक्य जुळवत होते, ताई, चूक माझी, मीच दारातून परत पाठवलं. पाठ करत होते शाळेतल्या मुलीसारखी.

ताईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं. भिंतीवर भावजींचा फोटो, हसणारा. मग ताईंनी थेट माझ्याकडे बघितलं. "वहिनी, इतकी वर्षं एक विचारायचं होतं. त्या दिवशी दारात तुम्ही बोललात, ते तुमच्या मनचं होतं ना?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच हे म्हणाले, "नाही. मीच सांगून गेलो होतो तिला. तो आला तर असं असं सांग म्हणून. तिचा काय दोष, ती निरोप सांगणारी."

अर्ध्या श्वासाचीही घाई नाही, की उशीर नाही. असं नेमकं म्हणाले की कोणालाही खरं वाटावं. ताईंना वाटलं. त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "आमचे हे शेवटपर्यंत म्हणत होते, ते त्याचे शब्द नव्हेतच, वहिनीचे असणार. त्याचं त्याला कळलं की तो येईल. दवाखान्यातसुद्धा दाराकडे बघत होते." मग उठून उभ्या राहिल्या. "बरं झालं, हे ऐकायला ते नाहीत. या तुम्ही आता."

मी तिथेच होते, हातभर अंतरावर. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी होतं. मी पायात चप्पल घातली आणि ह्यांच्या मागून बाहेर पडले.

जिन्यात मी ह्यांचा हात धरला. म्हटलं, "अहो, का असं बोललात?"

"तो गेला," हे म्हणाले. "मीही जाईन. तुला या गल्लीत राहायचंय अजून."

हे त्यानंतर चार वर्षं होते, आणि ताई सहा. बाजारात ह्यांना समोरून येताना बघितलं की ताई रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. मला मात्र थांबवायच्या, तब्येत विचारायच्या, कधी पेरू हातावर ठेवायच्या. मी तो घ्यायचे आणि घरी यायचे.